हयात वर्गणीदार

मयूर विहार, दिल्ली
१२ फेब्रुवारी १९९६

व्यवस्थापक, वर्गणी विभाग,
मासिक 'परसदार', पुणे यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी अंकानंतर आपला एकही अंक आमच्याकडे आलेला नाही. वर्गणी पुढच्या दिवाळीपर्यंत भरलेली आहे, पावती माझ्यासमोर आहे. वर्गणीदाराचं नाव श्री. शंभू रामजी निकम.

इथल्या पोस्टात दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी खिडकीवरचे बाबू म्हणाले, अंक पोहोचला नाही तर पाठवणाऱ्याला विचारा. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, पाठवणारे पुण्यात असतात. तर म्हणाले, "तो पुणे जाइए." हल्ली तिथे 'क्या मैं आपकी सहायता कर सकता हूँ?' अशी नवी पाटी लावली आहे. पाटीखाली टेबल आहे, टेबलामागे खुर्ची आहे आणि खुर्चीवर एक रेक्झिनची पिशवी असते. तिलाच विचारावं असं मनात आलं होतं, पण मागे रांग होती.

माझा मुलगा नोएडात टीव्हीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो म्हणतो, "आई, आता सगळं कुरियरनं येतं, पोस्टात कोण जातं यार?" पण आपलं मासिक पोस्टानंच येतं, म्हणून मला जावं लागतं.

राहिलेले अंक कृपया पुन्हा पाठवावेत. याच नावानं, याच पत्त्यावर. नावात बदल करू नये.

श्री. शंभू निकम यांच्याकरिता,
कांता निकम

•

पुणे
२१ फेब्रुवारी १९९६

श्री. शंभू निकम यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र आपल्याला लिहीत असलो तरी पाकिटावर सौ. वहिनींचे नाव मुद्दाम घातले आहे. आपल्या नावाचे पाकीट आपल्यापर्यंत येण्याची आशा नाही. कारण सांगतो.

आपले नोव्हेंबरपासूनचे सगळे अंक आमच्याकडे परत आले आहेत. प्रत्येकाच्या वेष्टनावर हिंदीत शेरा आहे : 'पाने वाले की मृत्यु हो गई।' खाली तारीख, सही आणि शिक्का. शिक्का इतका सुबक उमटला आहे की आमच्या तिकिटांवर असा कधी उमटलेला मी पाहिला नाही.

निकमसाहेब, या खुर्चीत बसून मी म्हातारा झालो. नागपूरचे एक वर्गणीदार ओसरीवर बसलेले असताना 'गाव सोडून गेले' या शेऱ्यासह त्यांचा अंक परत आला होता. इंदूरला एकांचे तीन मजली घर पोस्टाला सापडले नाही. पण माणूसच निकालात काढण्याचा मान आपल्या दिल्लीचा. आमच्यासाठी नियम किती! सवलतीच्या दराने पाठवतो म्हणून वेष्टन दोन्ही बाजूंनी उघडे हवे, ठरल्या तारखेलाच टाकायला हवे, वजन एवढे नि तेवढे. एकदा आत चुकून हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची चिठ्ठी राहिली, तर दंड भरावा लागला. आम्ही चिठ्ठीने चुकलो तर दंड, आणि हे हयात माणसाला मृत लिहितात त्याला काही नाही!

आपण एकच करा. स्वतःच्या हस्ताक्षरात 'मी हयात आहे' एवढी ओळ लिहून, सही करून पाठवा. पुढचे मी बघतो.

आपला,
बाळ मुजुमदार
वर्गणी विभाग

•

मयूर विहार
३ मार्च १९९६

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फलटणला पाणी एक दिवसाआड येतं म्हणतेस, इथे रोज येतं पण पहाटे, आणि चौथ्या मजल्यावर चढेपर्यंत त्याचा दम जातो. राजवर्धन मोटार घेऊ म्हणतोय. बँक हप्त्यानं पैसे देते. त्याचे वडील असते तर म्हणाले असते, आधी नळाला पाणी आण.

तुला एक सांगायचं आहे. हसू नकोस. हसलीस तरी पत्रात लिहू नकोस.

आमचं मासिक यायचं बंद झालं, म्हणून मी पुण्याला लिहिलं. तिथल्या गृहस्थांचं उत्तर आलं आहे. इथल्या पोस्टानं अंकांवर 'मृत्यू झाला' असं लिहून ते परत पाठवले आणि त्या गृहस्थांना ते खोटं वाटलं! पोस्टावर त्यांचा इतका अविश्वास आहे, की पोस्टानं पहिल्यांदा एक गोष्ट बरोबर लिहिली तीही त्यांना चूक वाटते. 'मी हयात आहे' असं लिहून यांची सही मागितली आहे.

पाकिटावर 'सौ. कांता निकम' असं होतं. दोन वर्षांत कुणी मला सौ. लिहिलं नव्हतं. पाकीट फोडायच्या आधी मी ते थोडा वेळ तसंच हातात धरून बसले होते.

मी खोटं लिहिलेलं नाही. 'यांच्याकरिता' असं लिहिलं. वारले हे फक्त लिहिलं नाही. आधीचा पोस्टमन म्हातारा होता, त्याला सगळं माहीत होतं, तरी अंक आणून द्यायचा. तो निवृत्त झाला. आता सतबीर म्हणून सोनीपतकडचा नवा आलाय. दिवाळीनंतर तो यांच्या नावाचं सोसायटीचं रजिस्टर पत्र घेऊन आला, "बाबूजी को बुलाइए" म्हणाला. दारातून त्याला भिंतीवरचा फोटो दिसला, फोटोचा हार दिसला. काही न बोलता पत्र घेऊन परत गेला. तेव्हापासून हे.

नाव बदलून घे म्हणशील. पेन्शनवर माझं नाव चढलं, घर माझ्या नावावर झालं, गॅसही झाला. आता महिन्यातून एकदा त्यांचं नाव छापलेलं असं एवढंच काय ते दारात येत होतं. तेवढं राहू दे असं वाटतं.

तुझी,
अक्का

•

फलटण
१२ मार्च १९९६

ती. अक्कास सा. न.

हसले. तू लिहू नको म्हणालीस, पण हसले तर हसले.

अगं, दाजींनी उभ्या जन्मात त्या मासिकाचं एक पान उलटलं होतं का? सुट्टीवर आले की शेंगा सोलायला खाली पसरायला घ्यायचे, आणि तू त्यांच्या हातातनं ओढून घ्यायचीस. आणि आता त्यांच्या नावाशिवाय तुला ते वाचवत नाही! नावाचा एवढा सोस असेल तर दारावरची पाटी आहे की. ती तर कुठलं पोस्ट काढून नेत नाही.

तो पुण्याचा माणूस उगाच भलतीकडे पेटलाय. त्याला एका ओळीत लिहून टाक आणि मोकळी हो. तू लिहिणार नाहीस, मला माहीत आहे. आबा गेले तेव्हाही तू सगळ्या गावाला चहा दिलास नि रडलीस मात्र चार महिन्यांनी, ते पण कोंबडी मेली म्हणून.

उन्हाळ्यात इकडे ये. दिल्लीत काय ठेवलंय?

तुझी,
विनया

•

मयूर विहार
२० मार्च १९९६

श्री. बाळ मुजुमदार यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपण एवढं मनावर घेतलंत याचे आभार.

सहीचं पत्र पाठवणं सध्या जमण्यासारखं नाही. तक्रारही करू नये, ही विनंती. पोस्टाच्या माणसांनाही त्यांच्या अडचणी असतात. अंक तेवढे त्याच नावानं पुन्हा पाठवून पाहावेत. पोस्टमनशी मी बोलेन.

जानेवारीच्या अंकात त्या दोन जावांच्या कथेचा शेवट असणार होता. धाकटी घर सोडून गेली का, एवढं कळवलंत तरी चालेल.

श्री. शंभू निकम यांच्याकरिता,
कांता निकम

•

पुणे
९ एप्रिल १९९६

श्री. शंभू निकम यांस,
सप्रेम नमस्कार.

सौ. वहिनींचे पत्र वाचून आपला स्वभाव कळला. आपण फौजेत होता हे आमच्या जुन्या नोंदींवरून दिसते. सैनिक माणूस स्वतःसाठी तक्रार करत नाही. पण म्हणून आम्ही गप्प बसावे असे नाही.

आपली सही मिळण्याची वाट न पाहता आपल्या वतीने तक्रार नोंदवली आहे. थेट वरच्या साहेबांकडे. सोबत सगळी वेष्टने जोडली आणि स्पष्ट लिहिले, की वर्गणीदार हयात असून त्यांच्या घरून नियमित पत्रव्यवहार चालू आहे. कधी नव्हे ते आठवड्यात उत्तर आले! संबंधित पोस्टमनकडे खुलासा मागितला आहे. इतक्या वर्षांत माझ्या एकाही तक्रारीवर कुणाकडे खुलासा मागितला गेला नव्हता. कार्यालयात सर्वांना पेढे दिले.

एवढ्यावर थांबणार नाही. मे महिन्याच्या अंकात 'हयात वर्गणीदार' या नावाने अर्धे पान टाकत आहे. आपले नाव घालू ना?

धाकटी जाऊ दारापर्यंत गेली आणि परत आली. मला स्वतःला ती गेलेली आवडली असती.

आपला,
बाळ मुजुमदार

•

मयूर विहार
२४ एप्रिल १९९६

श्री. मुजुमदार यांस,
स. न. वि. वि.

ते पान छापू नका. हे पत्र वाचून झाल्यावर आपल्याला राग आला, तर तो माझ्यावर काढा.

काल संध्याकाळी पोस्टमन सतबीर घरी आला होता. टपाल नव्हतं. सायकल खाली लावून चार मजले चढून आला आणि दारातच उभा राहिला. मी 'आत ये' म्हटलं, तरी येईना.

"अम्माजी, एक बात बताओ, मैंने झूठ लिखा था क्या?"

मी म्हटलं, "नहीं बेटा."

"तो साहब मुझसे पूछ रहे हैं, आदमी ज़िंदा है तो तूने मारा क्यों? मैं क्या जवाब दूँ? मैंने तो फ़ोटो पे हार देखा, तभी लिखा. पूछता तो आपको बुरा लगता, इसलिए पूछा नहीं."

तो अजून नोकरीत कायम झालेला नाही. या वर्षी व्हायचा होता. आता खुलासा समाधानकारक नाही म्हणून ते अडलं आहे. त्याला बसवलं, चहा दिला. बशीत ओतून प्याला आणि फोटोकडे पाठ येणार नाही अशा बेतानं तिरका बसला. मग म्हणाला, "लिखकर दे दो, अम्माजी. बस एक लाइन."

आपणही एकच ओळ मागितली होती. त्यानंही एकच. दोन्ही ओळी मला लिहायच्या नव्हत्या. आपली खोटी होती म्हणून, आणि त्याची खरी होती म्हणून. पण यांच्या फोटोला हार मीच घातलाय. तो बघून कुणी खरं लिहिलं, तर त्याची नोकरी जावी हे बरोबर नाही. म्हणून लिहिते.

माझे पती शंभू रामजी निकम ९ जानेवारी १९९४ रोजी वारले.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. तेव्हा सगळे फॉर्म मुलानं भरले होते, मी खाली सह्या केल्या.

आता आपल्याला वाटेल, ही बाई वर्गणीदाराच्या नावाला का चिकटून बसली? तेही सांगते. माझी शाळा झाली नव्हती. लग्न झालं तेव्हा मला सही येत होती, बाकी काही नाही. हे सरहद्दीवर असायचे, पत्र पाठवायचे, ते मला दीर वाचून दाखवायचे. दीर वाचणार म्हटल्यावर हे काय लिहिणार? 'येथील सर्व कुशल' याच्यापुढे पत्र जायचं नाही. मग यांनी कुठूनसं आपल्या मासिकाचं नाव ऐकलं आणि स्वतःच्या नावानं वर्गणी भरली. बाईच्या नावानं पुस्तक आलं तर घरात बोलतील. सैनिकाच्या नावानं आलं तर दीर मान देऊन ते कपाटावर ठेवतील, असा त्यांचा हिशेब. कपाटावरून ते मी काढून घ्यायची. पाककृतीचं पान आधी वाचायला शिकले, कारण पुढचा शब्द काय असणार हे ओळखता यायचं. तिखटानंतर मीठच येणार. पुढे गोष्टी वाचल्या. आणि एक दिवस मी यांना स्वतः पत्र लिहिलं. त्यानंतर यांचं जे उत्तर आलं, त्यात 'सर्व कुशल' नव्हतं.

यांनी स्वतः आपला एकही अंक वाचला नाही. "नाव माझं, डोळे तुझे," म्हणायचे.

तक्रार मागे घ्यावी. धाकट्या जावेबद्दल आपण म्हणता तसंच मला वाटलं होतं.

कांता निकम

•

पुणे
१६ मे १९९६

श्रीमती कांता निकम यांस,
सादर नमस्कार.

मी आपल्याला सौ. लिहीत होतो. आपण वाचत होता. याबद्दल क्षमा असावी.

त्या पानाचा मजकूर छपाईसाठी जुळला होता, तो काढला. त्या जागी कैरीच्या तक्कूची कृती टाकली आहे.

तक्रार मागे घेण्यासाठी त्याच दिवशी लिहिले. उत्तर सोबत पाठवत आहे, स्वतःच वाचा. त्यांचे म्हणणे असे, की तक्रार वर्गणीदाराच्या वतीने नोंदलेली असल्यामुळे ती मागे घेण्यासाठी वर्गणीदाराच्या सहीचे पत्र आवश्यक आहे. मी पुन्हा लिहिले, की वर्गणीदार हयात नाहीत, हाच तर विषय आहे. त्यावर मी आधीच्या पत्रात ते हयात असल्याचे लेखी दिले आहे, याकडे त्यांनी माझे लक्ष वेधले. आयुष्यभर पोस्टाला नियमावर बोट ठेवून कोंडीत पकडायचे स्वप्न पाहिले. त्यांनी मला माझ्याच पत्रावर बोट ठेवून पकडले. आपल्याकडून तिथे काही होण्यासारखे असेल तर पाहावे. त्या मुलाचे नुकसान झाले तर मला या खुर्चीत बसवणार नाही.

आता नावाचे. पत्ते छापायला आमच्याकडे नवा संगणक आला आहे. त्यात नावाआधी श्री., सौ., श्रीमती, कुमारी यांपैकी एक निवडल्याशिवाय तो पुढे जात नाही. आपल्या यजमानांचे नाव मी त्यातून काढलेले नाही. काढा म्हणालात तरच काढीन. पण ते ठेवले, तर सतबीरने काय करायचे, हेही मला कळत नाही. तो अंक परत पाठवील आणि बरोबर करील.

आपला,
बाळ मुजुमदार

•

मयूर विहार
२८ मे १९९६

श्री. मुजुमदार यांस,
नमस्कार.

सतबीरचं काम झालं. कसं झालं ते ऐका, म्हणजे तुम्हाला खुर्चीत नीट बसता येईल.

मृत्यूचा दाखला घेऊन मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाबूंनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाले, "माताजी, ये तो ठीक है, लेकिन शिकायत जिनके नाम से है उन्हीं के दस्तख़त चाहिए." मी वाद घातला नाही. घरून एक पाकीट तयार करूनच नेलं होतं. वर 'श्री. शंभू रामजी निकम' एवढंच, पत्ता कोरा. तिकीट लावलेलं. ते खिडकीतून आत सरकवलं. म्हटलं, सहीसाठी लिहिलंय त्यांना. ते राहतात तिथला पत्ता मला माहीत नाही. तुमच्या खात्याला माहीत असेल, कारण ते आहेत असं तुमच्याच कागदावर आहे. पोहोचवा. सही आली की तक्रार मागे घेते.

बाबूंनी पाकीट उलटंसुलटं केलं. मागची रांग हसायला लागली. एक सरदारजी म्हणाले, "रजिस्ट्री करा दो जी, रसीद तो मिलेगी!" गलका ऐकून आतून पोस्टमास्तर आले. त्यांनी दाखला वाचला, पाकीट वाचलं आणि मला आत नेऊन बसवलं. त्या पाटीखालच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवली. कागदावर 'शिकायत निराधार' असं लिहून सही केली. नियमात बसतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पाकीट परत देताना हळूच म्हणाले, "तिकीट निकाल लीजिए, काम आएगा."

तिकीट मी काढलेलं नाही.

आता नावाचं. यांचं नाव वर्गणीदार म्हणून काढा. संगणकाला माझ्यासाठी 'श्रीमती' सांगा, खरं आहे ते. पण पुढच्या ओळीत जागा असेल तर असं छापा :

श्रीमती कांता निकम
मार्फत शंभू रामजी निकम

पोस्टात हे आधीच विचारून आले, पुन्हा कुणाची नोकरी अडायला नको. पोस्टमास्तरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, जे नाहीत त्यांच्या मार्फत टपाल कसं येईल? मी म्हटलं, साहेब, मला अक्षर त्यांच्याच मार्फत आलं, अंकही तसाच येऊ दे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, याच्याविरुद्ध नियम नाही.

जूनचा अंक पाठवा.

कांता निकम